अर्पणाची अंडी

मावशींना कुणाबद्दल काही बोलायचं असलं की त्या डोळे मिटायच्या.

हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. श्रीरामपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली होती आणि घरमालकीण मावशींच्या घरामागची खोली मी जेवणासकट भाड्यानं घेतली होती. ताटं वाढून झाली. मी काष्टी गावचा, भुकेचा सच्चा. भाकरी मोडून तोंडाशी नेली तसा मावशींनी हात वर केला. "थांबा मास्तर. आधी प्रार्थना." मी भाकरी खाली ठेवली. त्यांनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"हे दयाळू आणि कृपाळू स्वर्गीय पित्या, या अन्नाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. समोरच्या किराणा दुकानदाराला खरे माप धरण्याची बुद्धी दे. आमच्या पाळकसाहेबांना उपदेश थोडक्यात आटोपण्याचे सामर्थ्य दे. आणि हा जो नवीन मास्तर तू आमच्याकडे पाठवला आहेस, त्याने आज न्हाणीघरातला नळ उघडा ठेवला होता. त्याला क्षमा कर. आमेन."

मग डोळे उघडून म्हणाल्या, "जेवा की. भाकरी निवती."

नळाबद्दल त्या मला दिवसभरात एक शब्द बोलल्या नव्हत्या. पुढंही कधी बोलल्या नाहीत. त्यांचा नियमच होता तो. "मानसाच्या मागं बोलायचं न्हाई मास्तर. वर बोलायचं." पण वर बोलताना त्यांचा आवाज असा लागायचा की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जावं. समोरचा किराणावाला मला दुकानात एकटा गाठून हळूच विचारायचा, "काय सर, काल माझं काही निघालं का प्रार्थनेत?" नाही म्हटलं की त्याचा चेहरा खुलायचा. निघालं असं सांगितलं की चार दिवस तूरडाळ अंमळ जास्तच यायची.

मावशी मुलींच्या बोर्डिंगात मेट्रन होत्या, तिथून निवृत्त झालेल्या. उंच, हाडापेरानं मजबूत, पांढऱ्या साडीला बोटभर काठ, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. देवाशी त्या शुद्ध पुस्तकी मराठी बोलायच्या आणि आमच्याशी गावठी. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "त्याच्याशी बोलताना जरा नीटनेटकं नको का? तुमी काय, घरचेच."

ख्रिस्ती माणूस मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहत होतो. मला वाटलं होतं, आता रोज उपदेश ऐकावा लागणार. तसं काही झालं नाही. शास्त्र त्यांनी कधी मला समजावून सांगितलं नाही. घरात विळी वापरावी तसं त्या ते वापरायच्या, आणि विळीसारखंच कधी कधी ते बोटालाही लागायचं.

फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला त्यांनी पाण्याचा रांजण ठेवला होता. तहानलेल्याला गार पाण्याचा पेला द्यावा असं त्यांच्या पुस्तकात आहे, एवढंच त्याचं कारण. रांजण रोज पहाटे घासायचा, आणि घरात प्यायला जे पाणी तेच त्यात भरायचं. त्यावरचा स्टीलचा पेला चोरीला गेला. मी म्हटलं, साखळी लावू. मावशी माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जणू मी पाण्यात काही कालवायचं सुचवलं होतं. "साखळी लावल्यावर पानी पाजलं का पहारा दिला?" आणि त्यांनी कपाटातला चांगला नक्षीचा पितळी पेला काढून रांजणावर ठेवला. अंगरखा नेणाऱ्याला वरचं वस्त्रही द्यावं, असंही त्यांच्या पुस्तकात आहे म्हणे. गंमत अशी की तो पितळी पेला कुणी नेला नाही. चोराला बहुतेक त्यात काहीतरी काळंबेरं वाटलं असावं.

शिर्डीला जाणाऱ्या गाड्यांचं तर विचारूच नका. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता फुटतो आणि परगावच्या गाड्या हमखास चुकतात. काच खाली करून कुणी "शिर्डी?" असं विचारलं की मावशी हातातलं काम टाकून सरळ गाडीत बसायच्या आणि नाक्यापर्यंत रस्ता दाखवून पायी परत यायच्या. कुणी एक कोस चल म्हटलं तर दोन कोस जायचं, हा त्यांचा हिशेब. एकदा एका कुटुंबानं त्यांना गप्पांच्या नादात थेट शिर्डीपर्यंतच नेलं. संध्याकाळी एसटीनं परतल्या त्या प्रसादाची बुंदी घेऊन, आणि ती त्यांनी गल्लीत सगळ्यांना वाटली. चर्चमधल्या एका बाईनं नाक मुरडलं, "तुम्ही आणि शिर्डीला?" मावशी म्हणाल्या, "रस्ता दाखवायला गेल्ते. मानूस ज्या गावाला निघालाय त्याच गावाचा रस्ता दाखवावा लागतो, बाई."

पण या सगळ्याहून मला मोलाचा होता त्यांच्याकडचा रविवार. रविवारी दुपारी अंड्याचा रस्सा असायचा. परसात त्यांच्या गावरान कोंबड्या होत्या, वाटण पाट्यावरचं असायचं, आणि वर तर्री अशी तरंगायची की मी शनिवारी संध्याकाळपासूनच हात राखून जेवायचो. दर रविवारी न चुकता रस्साच का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. असल्या प्रश्नांत आपण पडू नये.

उत्तर मिळालं ते एकदा त्यांच्याबरोबर उपासनेला गेलो तेव्हा. चर्च गल्लीच्या शेवटाला होतं, आणि तिथली पेटी-तबल्यावरची गाणी मला आवडायची. म्हणून मी कधीमधी मागच्या बाकावर जाऊन बसायचो. उपदेश संपला. अर्पणाचं गीत सुरू झालं आणि दानाची थैली बाकाबाकांवरून फिरायला लागली. मावशींच्या मांडीवर रुमालात बांधलेली अंडी होती. आमच्याकडं नैवेद्य असतो तसं इथं कुणी पैसे देतं, कुणी घरचं काही आणतं. थैली त्यांच्या बाकापाशी आली तशी मावशींनी रुमाल बाकावर ठेवला, उठल्या आणि सरळ दाराबाहेर चालू लागल्या. बाकावरच्या बायकांनी सवयीनं गुडघे आत घेतले. थैली पुढं गेली. पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मला वाटलं, बाई गॅस चालू ठेवून आल्या असाव्यात.

शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आधी मावशी परतल्या. रुमाल उचलला. अंडी तशीच घरी आली आणि दुपारी रश्श्यात पडली.

जेवताना मी विचारलं, तेव्हा त्यांनी डोळे न मिटता सगळं सांगितलं. स्वतःची चूक सांगायला त्या डोळे मिटत नसत.

त्यांची धाकटी जाऊ चर्चच्या पलीकडच्याच आळीत राहायची. दोघींनी एका चुलीवर अर्धं आयुष्य काढलेलं, दोघींचे नवरे गेलेले. यांच्या मंडळीत हंगामाचा सण असतो. पीक निघालं की ज्यानं त्यानं आपल्या कष्टातलं काहीतरी देवापुढं आणून ठेवायचं: ज्वारी, भोपळा, कोंबडी, पेरू. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चच्या कामाला लागतात. लिलाव पुकारायचा मान वर्षानुवर्षं मावशींचा, कारण तेवढा आवाज दुसऱ्या कुणाला नव्हता. त्या वर्षी जावेनं तांब्याचा हंडा भरून गहू आणला होता. हंडा तिच्या आईचा, लग्नात माहेराहून आलेला. गहू देवाचे, हंडा घरी न्यायचा, हे सांगायलाही नको होतं. पण घाईत गहू अंथरलेल्या धोतरावर ओतून घ्यायचे राहिले. मावशी रंगात आल्या होत्या. एक वार, दोन वार, तीन वार, आणि गेला हंडा गव्हासकट, परगावच्या एका पाहुण्याच्या जीपमध्ये. जाऊ तेव्हा आत पंगतीचा भात वाढत होती. बाहेर येईपर्यंत जीप गेलेली.

"हंड्याचं तिनं सोसलं असतं, मास्तर," मावशी म्हणाल्या. "ती रडाया लागली तशी मी सगळ्यांदेखत बोलले, देवापुढं आनलेलं परत मागत न्हाईत. शास्त्र सांगितलं मी तिला. माझी चूक झाकायला देवाचं नाव पुढं केलं. ते लागलं तिला. अजून लागतंय."

दुसऱ्याच दिवशी मावशी त्या पाहुण्याच्या गावाला गेल्या होत्या. त्यानं हंडा तोवर मोडीत देऊन स्टीलची भांडी घेतलेली. मावशींनी नवा हंडा घेऊन जावेच्या ओट्यावर ठेवला. तो तिथंच पालथा पडून होता; पुढं त्याच्यावर मांजर बसायला लागली. जाऊ हे चर्च सोडून गावातल्या दुसऱ्या चर्चमध्ये जायला लागली. तिकडची उपासना सकाळी लवकर आटोपायची, त्यामुळं यांच्या अर्पणाच्या वेळेला ती घरीच असायची. आणि मावशींच्या पुस्तकात असं आहे की, देवापुढं काही ठेवायला गेलात आणि तिथं आठवलं की कुणाच्या मनात तुमच्याबद्दल काही आहे, तर ते तिथंच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग परत येऊन अर्पण करा. सगळे ख्रिस्ती लोक हे वाचतात. मावशी दर रविवारी उठून जायच्या. जावेच्या दाराची कडी वाजवायच्या. दार उघडायचं नाही. मग अंडी घरी.

म्हणजे मी इतके दिवस चाटून पुसून खाल्लेला रस्सा देवापर्यंत न पोचलेल्या अंड्यांचा होता. खोटं कशाला बोलू, ऐकून वाईट वाटलं, पण चव काही बदलली नाही.

"फोन का करत नाही?" मी म्हटलं.

"फोनवर पाया पडता येतं का?"

"मग दाराबाहेरूनच माफी मागून मोकळ्या व्हा."

"दाराची माफी मागू? दाराचं मी काय वाकडं केलंय?" मग म्हणाल्या, "मी मेले की येईल ती माझ्या मातीला. सगळ्यांच्या आधी येईल, रडंल. मला ठाव हाय. पन त्याचा मला काय उपेग? मला ती जित्तेपनी यायला पायजे."

हे बोलताना त्यांचा मेट्रनचा आवाज पार खाली आला होता. त्या सणानंतर त्यांनी लिलाव पुकारणंही सोडलं होतं. पुढं त्यांच्या प्रार्थनेकडं मी कान देऊन ऐकायला लागलो तेव्हा लक्षात आलं, किराणावाला, पाळकसाहेब, मी, सगळ्यांचे गुणदोष त्यात येतात. जावेचं फक्त नाव येतं. तिच्याबद्दल त्यांना वर सांगण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

मग हिवाळ्यात एका सकाळी कोंबड्यांच्या खुराड्यापाशी मावशींचा पाय घसरला आणि घोट्याच्या वर मोडला. प्लास्टर घालून आणलं. दुखण्याची त्यांनी तक्रार केली नाही. "रविवारचं काय करायचं?" हे मात्र दवाखान्यातून येताना रिक्षातच सुरू झालं. मी म्हटलं, मी जाऊन कडी वाजवून येतो. त्यांनी मला झिडकारलंच. "चूक माझी आन कडी तुमी वाजवनार? तालुक्याला चाललाय का माझ्या वतीनं सही करायला?"

रविवारी सकाळी त्यांनी सवयीनं अंडी पुसून रुमालात बांधली. ओट्यावर खुर्ची टाकून, पाय स्टुलावर ठेवून चर्चच्या दिशेनं तोंड करून बसल्या. मी शेजारी वह्या तपासत होतो. चर्चच्या भोंग्यावरून पाळकसाहेबांचा उपदेश ऐकू येत होता, लांबलचक. मावशी नसल्यानं त्यांना कुणाचा धाक उरला नव्हता. मग अर्पणाचं गीत सुरू झालं. मावशींचे हात खुर्चीच्या दांड्यांवर दाबले गेले, उठायला निघाल्यासारखे. पाय काही उचलला जाईना. मी दुसरीकडं पाहिलं. मला ते बघवेना. गीत संपलं, थैली फिरून झाली असेल, इतका वेळ गेला.

त्यांनी डोळे मिटले. "हे पित्या, आज कडी वाजणार नाही. तिला वाटेल मी थकले. मी थकलेली नाही, एवढे तिला कळू दे."

आमेन म्हणायच्या आत फाटक वाजलं. एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची, घामाघूम झालेली म्हातारी आत आली. काखेत पंच्यात गुंडाळलेला डबा. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण मावशींच्या चेहऱ्यावरून ती कोण ते कळलं.

"काय ओ अक्का, आज कडी न्हाई वाजली?" ती भांडायला आल्यासारखी म्हणाली.

मावशी उठायला धडपडल्या. त्यांना बसवत मी म्हटलं, "पाय मोडलाय त्यांचा."

"ठाव हाय मला. त्याच दिशी कळलं." ती मावशींकडंच बघत होती. "म्हनलं रविवारी काय करत्यात बघू. हिकडं गानं सुरू झालं आन मी आपली दारामागं बसलेली, दर रविवारी बसते तशी. गानं सरलं तरी कडी वाजंना. मग मला काय घरात बसवंना."

"तू दारामागं बसायचीस?" मावशी म्हणाल्या.

"मंग कुटं जाऊ?"

"मग उघडलं का न्हाईस, बये?"

"तुमी कडी वाजवायच्या कशा? टण, टण, टण! एक वार, दोन वार, तीन वार! ती ऐकली की माझ्या डोळ्यापुढं त्यो लिलावच उभा ऱ्हायचा. उठू म्हनायचे आन तिसरा टोला पडला की पायच धरायचे. वाटायचं, परत माझा हंडाच इकत्यात ह्या."

 इतकी वर्षं माफी मागायला जाऊन मावशी दर रविवारी तोच लिलाव पुकारून येत होत्या, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. आधी त्यांना हसू आलं. मग चष्मा काढावा लागला.

"चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या. "हंड्याचं न्हाई. बोलले त्याचं."

"ठाव हाय," जाऊ म्हणाली. तिनं पदरानं आधी मावशींचे डोळे पुसले, मग स्वतःचे. आणि डबा दाणकन् ओट्यावर ठेवला. "पायाचं सूप हाय, बोकडाच्या. हाडाला बरं असतं. आत हाय ते तुमचं. डबा माझा. ह्या मास्तरांदेखत सांगून ठिवते."

मी आयुष्यात इतकं मोठ्यानं फार कमी वेळा हसलोय. पण मावशींचं लक्ष भोंग्याकडं गेलं होतं. तिकडं शेवटची प्रार्थना सुरू झाली होती.

"मास्तर! अंडी! आशीर्वादाच्या आत पोचली पायजेत. पळा!"

मी पायात चप्पल न घालता पळालो. एका हातात रुमाल, दुसरा हात त्याच्याखाली, अंडं फुटेल म्हणून नीट पळताही येईना. चर्चच्या दारात पोचलो तेव्हा सगळे उभे होते आणि पाळकसाहेबांनी आशीर्वादासाठी दोन्ही हात वर केले होते. त्यांना मी दिसलो, माझ्या हातातला रुमाल दिसला. त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मावशींचा रुमाल त्या चर्चमध्ये कोण ओळखत नव्हतं? माना वळल्या. पुढच्या बाकावरच्या, त्या नाक मुरडणाऱ्या बाईंनीच विचारलं, "उघडलं दार?"

"नाही," मी धापा टाकत म्हणालो. "त्याच आल्या."

पाळकसाहेबांनी वर केलेले हात खाली घेतले. "अर्पणाचं गीत पुन्हा घेऊ या," ते म्हणाले. पेटीवाल्यानं भाता ओढला. ते गाणं मी अनेकदा ऐकलं होतं, पण इतकं बेसूर आणि इतकं मोठ्यानं कधीच नाही. थैली अंड्यांना पुरेना, म्हणून थैलीवाल्यानं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

आता मी गावाकडच्या शाळेत आहे. काष्टीतही अंडी मिळतात, रस्साही होतो, पण रविवार तसा होत नाही.

त्या दुपारी तीन ताटं वाढली. मी, मावशी आणि जाऊ. पिठलं-भाकरी आणि वाटीवाटी सूप. मावशींनी डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला. मी भाकरीवरचा हात काढून बसलो. म्हटलं, आज बराच वेळ लागणार. तेवढ्यात जाऊ म्हणाली, "अक्का, माझ्याबद्दल काय सांगायचं आसंल तर डोळं उघडून सांगा. मी हितंच हाय."

मावशींनी डोळे उघडले. तिच्याकडं पाहिलं.  मग "आमेन" म्हणाल्या आणि तिच्या ताटात भाकरी वाढली.

पिठलं जाऊबाईंनी केलं होतं आणि ते खारट झालं होतं. कुणी काही बोललं नाही, वरसुद्धा नाही.